तळाशी बसलेलं पॉलिश

घटस्थापना होऊन पाच-सहा दिवस झाले की निपाणीपासून बेळगावपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांची वॉशिंग सेंटरं रात्रीही बंद होत नाहीत. खंडेनवमी तोंडावर आलेली असते. एकाच रांगेत केए-23ची बोलेरो, एमएच-09ची इनोव्हा, ट्रॉली सोडून आलेला लाल ट्रॅक्टर आणि मधूनच गोव्याच्या नंबरची एखादी गाडी उभी असते. सीमाप्रश्नाचं काय व्हायचं ते होवो, फोमच्या पाण्याखाली सगळ्यांची रांग एकच. या पट्ट्यात खंडेनवमीला कोयता, तराजू, लेथ, शिवणयंत्र यांच्याबरोबर चाकावर चालणारं सगळं काही पूजेला लागतं, आणि पूजेआधी ते चकचकीत झालं पाहिजे यावर दोन्ही भाषांचं एकमत आहे.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'अडगळ' हा विषय दिला. माळ्यावरची तांब्याची भांडी आणि पत्र्याच्या ट्रंका यांवर बाकीचे लिहितीलच, असा माझा होरा होता. वॉशिंग सेंटरच्या रांगेत वेगळीच अडगळ दिसली. बरीच गिऱ्हाइकं घरून स्वतःची बाटली घेऊन येतात. धुणं तुमचं, पॉलिश आमचं. डिकीतून, फडताळातून, माळ्यावरून काढलेली, अर्धी भरलेली, टोपण चिकटलेली बाटली. ती पोराच्या हातात देताना मालकाच्या चेहऱ्यावर थोडी शंका असतेच. हे अजून चालेल का? गाडीचा रंग बिघडणार तर नाही?

या प्रश्नाचं नीट उत्तर सेंटरवर कुणाकडे नव्हतं. एक पोरगा बाटली कानाशी नेऊन हलवायचा आणि आत खळखळ वाजलं तर घ्यायचा. ही परीक्षा दिसते तितकी वेडी नाही, हे पुढे कळलं.

तारीख कुठे आहे?

लोकांनी आणलेल्या बाटल्या-डबे पाहिले तर चाळीस वर्षांचा मोटारींचा इतिहास समोर मांडल्यासारखा होता. अॅम्बॅसडर-फियाटच्या काळात घरोघरी असणारं वॅक्सपोल. फॉर्म्युला वनचा कार्नोबा मेणाचा चपटा डबा. थ्री-एमचं रबिंग कंपाउंड. आखातात नोकरीला असलेल्या पाहुण्याने सुटीवर येताना आणलेलं टर्टल वॅक्स. मॅग्वायर्सची पोराने ऑनलाइन मागवलेली बाटली. या मॅग्वायर्सची सुरुवात 1901 साली अमेरिकेत इंडियानामध्ये लाकडी फर्निचरच्या पॉलिशने झाली. मोटारी नंतर आल्या. बैठकीतल्या शिसवी खुर्चीला जे लागायचं त्याचंच भावंड पुढे बॉनेटवर चढलं, आणि जुनी पॉलिशं इतकी टिकाऊ का, याचं निम्मं उत्तर त्या घराण्यात आहे.

बाटली उलटीपालटी करून प्रत्येक जण 'एक्सपायरी' शोधतो. बहुतेक वेळा ती नसतेच. पाकीटबंद मालाच्या 2011च्या नियमांप्रमाणे उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापावं लागतं. अमुक तारखेपर्यंत वापरा हे बंधन मुख्यतः माणसाच्या पोटात जाणाऱ्या किंवा अंगाला लागणाऱ्या वस्तूंसाठी असतं. गाडीच्या पॉलिशने मुदत सांगायलाच हवी असं नाही. आखातातून आलेल्या डब्यावर तर नुसता बॅचचा आकडा. तेव्हा तारीख सोडा, आत काय आहे ते बघा. पाच वर्षांचं मेण आणि पाच वर्षांचं सिरॅमिक कोटिंग यांना एकच नियम लावला तर एक चांगला डबा फुकट जाईल आणि एक मेलेली शिशी गाडीला लागेल.

मेण कवा मरतंय व्हय?

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडे, जिथे दर तिसऱ्या घरातून कुणीतरी मराठा लाइट इन्फंट्रीत गेलेलं असतं, तिथल्या एका निवृत्त सुभेदारांकडे मेणाचा डबा पाहायला मिळाला. उघडल्यावर आतला लगदा कडांपासून सुटून आलेला, मधोमध भेगा, बोट दाबलं तर पीठ व्हावं असा. नातवाने तो टाकून द्यायला सांगितला होता आणि त्याऐवजी फवारा मारायची बाटली आणून दिली होती. सुभेदारांनी डबा अंगणातल्या फरशीवर उन्हात ठेवला. "मेण कवा मरतंय व्हय? तेल उडतंय त्यातलं," एवढंच बोलून ते चहाला उठले.

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते वितळायला 80 अंशांच्या वर तापमान लागतं, म्हणजे मधमाशीच्या मेणापेक्षा किती तरी कडक. तसंच्या तसं ते गाडीला लागत नाही, म्हणून ते टर्पेंटाइनच्या जातीच्या द्रावकात मऊ करून डब्यात भरतात. झाकण सैल राहिलं की द्रावक उडून जातो, मेण मात्र तसंच राहतं. कोमट पाण्याच्या परातीत डबा ठेवून किंवा उन्हात तापवून, हार्डवेअरच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चमचाभर घालून कालवलं की लगदा पुन्हा फिरतो. गॅसवर मात्र कधीही ठेवायचं नाही. त्या वाफेला ठिणगी पुरते.

सुभेदारांना हे शिकवलं कुणी? बुटाच्या पॉलिशच्या डबीने. कीवी पॉलिशमध्येही कार्नोबा असतंच. थंडीत कडक झालेली डबी उन्हात धरायची, फडक्याच्या टोकाला पुसट लागेल एवढंच घ्यायचं, पाण्याचा थेंब टाकत गोल गोल घासायचं. आयुष्यभर बुटाच्या टोकात चेहरा दिसेपर्यंत हे केलेल्या माणसाला गाडीचं मेण नव्याने शिकावं लागत नाही. त्यांनी दाराच्या एका पट्टीला लावलं, धुरकट झाल्यावर बोट फिरवून पाहिलं, बोटाखाली स्वच्छ रेघ उमटली तेव्हा पुसलं. पॉलिश जास्त लावलं की जास्त चमकतं, या समजुतीने जेवढे डबे संपतात तेवढे जुनेपणाने वाया जात नसावेत.

पातळ पॉलिशचं प्रकरण निराळं आहे. त्यात पाणी, तेल आणि घासणारी बारीक भुकटी एकमेकांत धरून ठेवलेली असतात. वर्षानुवर्षं उभी राहिलेली बाटली थर सोडते: वर पिवळट पाणी, मध्ये साय, तळाला गाळ. इथे सेंटरवरच्या पोराची कानाची परीक्षा कामाला येते. हलवल्यावर गाळ सुटून सगळं एकजीव झालं आणि पाच-दहा मिनिटं तसंच राहिलं तर वापरायला हरकत नाही. फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या राहिल्या तर टाका, कारण गुठळी म्हणजे एकत्र गोळा झालेली भुकटी आणि ती रंगावर ओरखडा काढते. कुबट वास आला तर आतलं बुरशी रोखणारं द्रव्य संपलं. आणि सगळ्यांत दुर्लक्षित जागा म्हणजे टोपण. तोंडाशी सुकलेली खपली कडक कण होऊन फडक्यावर पडते. बाटली ठीक असते, खपली घात करते. आधी ओल्या चिंधीने तोंड पुसा, दोन थेंब बाहेर सांडू द्या, मगच गाडीकडे वळा.

शॅम्पू बहुधा वाचतो. घट्ट झाला तर पाण्यात विरघळतो. टायर आणि डॅशबोर्डचं सिलिकॉन तर हट्टी टिकाऊ, पण त्याबद्दल पुढे.

इथल्याच पठारावरची भुकटी

रबिंग कंपाउंडच्या बाटलीवर अमेरिकेचं नाव असो वा चेन्नईचं, आत घासण्याचं काम करणारी भुकटी बऱ्याचदा अॅल्युमिनाची असते. बेळगावकरांना हा शब्द परका नको. शहराच्या उत्तरेला हायवेलगत पूर्वीच्या इंडालचा, आताच्या हिंडाल्कोचा कारखाना अर्धशतकाहून जास्त काळ अॅल्युमिनाच बनवतो. त्यासाठी राधानगरी-चंदगडच्या सड्यांवरचा बॉक्साईट ट्रकांनी इकडे यायचा. घाटात त्या ट्रकांच्या मागे अडकून ज्यांच्या गाड्यांवर लाल थर बसला, त्यांनी आपल्याच पॉलिशचा कच्चा माल अंगावर घेतला म्हणायचा. भाजलेल्या अॅल्युमिनाचा कण काठिण्यात हिऱ्याच्या खालोखालच्या पायरीवर बसतो. तो ना कुजतो, ना गंजतो, ना शिळा होतो. वीस वर्षांपूर्वीच्या कंपाउंडमधली भुकटी आजही तेवढीच कापते, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

अॅम्बॅसडरचा हात

जुन्या पी. बी. रोडवरच्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये तीन बॉनेट शेजारी शेजारी टेकवून ठेवलेली होती. तिन्हींवर ढगाळ पांढरे चट्टे, कडेला कातडी निघावी तसे पापुद्रे. इथे याला लॅकर सोडलं म्हणतात. शेडचे मालक तीस वर्षं याच कामात आहेत. त्यांच्या मते यातली निम्मी बॉनेटं उन्हाने गेली आणि निम्मी मायेने.

अॅम्बॅसडर आणि पद्मिनीचा रंग एकाच जातीचा, वरपासून खालपर्यंत तोच. उन्हाने वरचा पापुद्रा खडूसारखा व्हायचा. कंपाउंड घेऊन जोर लावून घासलं की फडक्याला गाडीचाच रंग लागायचा, खालून ताजा रंग वर यायचा आणि मालक खूश. फडकं रंगलं म्हणजे काम झालं, हा त्या काळचा दाखला होता. लगेच गाडी फिकट व्हायची नाही, कारण रंग जाड असायचा आणि पुन्हा ड्यूको मारणंही स्वस्त होतं.

आताच्या गाडीचा रंग थरांचा आहे. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा पातळ पदर आणि सगळ्यांत वर बिनरंगी लॅकर. सगळं मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन. त्यात लॅकरचा वाटा 35 ते 50. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे जे काय संरक्षण आहे ते केसापेक्षाही पातळ. मशीनवर कटिंग कंपाउंड लावून एक जोरकस हात मारला तर दोन-चार मायक्रॉन सहज जातात. दर दसऱ्याला आणि दर पाडव्याला असा हात मारला की काही वर्षांत ऊन अडवणारा थर उरत नाही. त्यात फडक्याला रंग लागत नाही म्हणून जुन्या हाताला वाटतं, अजून काही निघालंच नाही, आणखी घासूया.

बाटल्यांपेक्षा सवयी लवकर मुदतबाह्य होतात असं माझं मत इथे पक्कं झालं. जुनं कडक कंपाउंड अजिबात वाईट नाही. ते ज्या रंगासाठी बनलं तो रंग आता रस्त्यावर कमी उरला आहे, एवढंच. ट्रॅक्टरच्या लाल बॉनेटला, जीपला, घरासमोर झाकून ठेवलेल्या फियाटला ते आजही लागू पडतं. बऱ्याच साध्या पांढऱ्या मारुतींवरही कितीतरी वर्षं वेगळं लॅकर नव्हतं. आपली गाडी कोणत्या जातीची हे ओळखायला डिकीच्या आतल्या कडेला, जिथे कुणाची नजर जात नाही, चिमूटभर पॉलिश पांढऱ्या बनियनच्या कापडावर घेऊन घासा. कापडाला रंग लागला तर जुनी जात. नाही लागला तर कडक कंपाउंड बाजूला ठेवा.

कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा निपाणीहूनही लोक बघायला जातात. त्या गाडीची चमक पाहून परतलेले काही जण दुसऱ्या दिवशी आपल्या ह्युंदाईला तसंच पॉलिश मागतात, अशी या मालकांची तक्रार. राजाच्या गाडीवर वर्षातून किती हात फिरतो आणि किती हलका, हे रस्त्यावरून दिसत नाही.

पेंटरला सिलिकॉन दाखवू नका

याच शेडच्या दारावर खडूने लिहिलं होतं: आत पॉलिश आणू नये. चेष्टा वाटली, पण नव्हती. चकाकीच्या बहुतेक जुन्या पॉलिशांत आणि डॅशबोर्डच्या फवाऱ्यात सिलिकॉनचं तेल असतं. ते उडत नाही, सडत नाही, साबणाने सहज निघत नाही. म्हणूनच दहा वर्षांची टायरची बाटली अजून चमक देते. पण पत्र्यावर त्याचा अंश राहिला आणि त्यावर नवा रंग मारला तर रंग तिथून मागे सरकतो, वाटाण्याएवढे गोल खड्डे पडतात. कामगार त्याला फिश आय म्हणतात आणि शिवी दिल्यासारखं म्हणतात. मग सगळं पॉलिश पेपरने उतरवून पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या गाडीत कुणी डॅशबोर्डवर फवारा मारला तरी वाऱ्याने येणारा तुषार पुरतो. तेव्हा लांबी भरून रंग मारायचा असेल तर त्याआधी महिनाभर माळ्यावरच्या बाटल्या माळ्यावरच राहू द्याव्यात.

या रस्त्याची धूळ

पॉलिशच्या आधी गाडीवर काय बसलं आहे ते बघायला हवं, आणि या भागात ते बरंच काही असतं. खानापूर बाजूची तांबडी जांभ्याची माती. सहापदरीकरणाच्या कामाची खडी आणि डांबराचे ठिपके. हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून उडणारी बगॅसची काळी राख. निपाणी-संकेश्वर भागात सकाळी बॉनेटवर ती हमखास सापडते आणि हाताने पुसली की रेघोट्या उमटतात. मोहराच्या दिवसांत आंब्याखाली लावलेल्या गाडीवर तुडतुड्यांचा चिकटा. कॅम्पातल्या मोठ्या झाडांखाली पाखरांची विष्ठा, जी उन्हात लॅकरमध्ये रुतते. उद्यमबागेत फाउंड्र्यांच्या आसपास उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर बारीक तपकिरी ठिपके दिसतात. ते गंजाचे असतात, पण पत्र्याच्या नव्हे. ग्राइंडिंगमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतून तिथेच गंजतात. गाडीच्या ब्रेकमधूनही असे कण निघतात.

या ठिपक्यांसाठी लोखंड विरघळवणारा फवारा मिळतो. लोखंडाला लागला की तो जांभळा होऊन ओघळतो, आणि त्याला सडक्या अंड्याच्या जवळ जाणारा गंधकाचा वास असतो. ही बाटली मात्र खरोखरच म्हातारी होते. हवा लागली की त्यातलं औषध हळूहळू निकामी होतं. उघडून दोन वर्षं झाली आणि ठिपक्यांवर जांभळा रंग चढेना, तर जास्त वेळ ठेवून किंवा घासून काही उपयोग नाही. जपानमधून आलेल्या क्लेची गोष्ट उलटी. साबणाच्या पाण्यात भिजवून हा मऊ, मातीसारखा गोळा रंगावरून फिरवला की रुतलेले कण तो उचलून घेतो. प्लॅस्टिकच्या डबीत बंद ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. जमिनीवर पडला तर त्याच क्षणी संपला, मग तो कालच विकत घेतलेला का असेना.

डांबराला पूर्वी रॉकेल लावायचे. रेशनचं रॉकेल दिसेनासं झालं, तशी त्याची जागा डिझेलने घेतली. काही सेंटरांवर गाडी धुतल्यावर खालून आणि मग थोडं दारांवरही डिझेल मारतात. संध्याकाळपर्यंत गाडी झळकते, दुसऱ्या दिवशी सगळी धूळ त्यालाच चिकटते आणि रबराचे बुश फुगतात ते वेगळंच. घरची बाटली कितीही जुनी असो, ती घेऊन आलेलं गिऱ्हाईक या डिझेलपेक्षा शहाणं.

फडक्याबद्दल कुणी विचारत नाही. लेथवरून आलेल्या कॉटन वेस्टमध्ये लोखंडाचा कीस असू शकतो. मायक्रोफायबर कपड्यांच्या सॉफ्टनरमध्ये धुतलं तर त्याचे धागे बुजतात. बफिंग मशीनचे जुने फोमचे पॅड बाहेरून बरे दिसतात, पण त्यांचा फोम आतून भुसभुशीत झालेला असतो आणि मशीन फिरायला लागलं की तुकडे उडतात.

हळद-कुंकू

पूजेनंतरचे डाग हा इथला खास विषय. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, नारळाच्या पाण्याचे ओघळ, झेंडूच्या हाराचा तारेने बांधलेलं गाठोडं जे गाडी चालली की रंगावर घासत राहतो. बाजारातल्या कुंकवात कृत्रिम रंग असतात आणि ते दोन-तीन दिवस राहिले तर पांढऱ्या रंगावर गुलाबी छटा सोडतात. पूजेच्या दोन दिवस आधी मेणाचा हात फिरवला असेल तर डाग मेणावर पडतो, रंगावर नाही. जुन्या डब्याचा याहून चांगला उपयोग सुचत नाही. हळदीचा डाग साबणाने घासला की तो लाल होतो, हे पातळ नेसणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे आणि गाडी धुणाऱ्या पुरुषांना नाही. घाबरून कंपाउंड उचलू नये. साध्या पाण्याने पुसून गाडी उन्हात उभी करावी. हळदीचा रंग ऊन खातं.

काचेची शिशी

बेळगावात आता एसी दुकानांतून सिरॅमिक कोटिंग होतं. गाडी आत, काचेच्या पलीकडे मालक, हातात मोबाईल. लहानशा काचेच्या शिशीतला द्रव हवेतल्या ओलाव्याशी मिळून रंगावर कडक होतो. हाच गुण शिशीच्या मुळावर येतो. एकदा उघडली की आत ओलावा शिरतो आणि बेळगावचा पावसाळा काय असतो हे सांगायला नको. उरलेलं कोटिंग पुढच्या वर्षासाठी जपून ठेवणारे काही जण भेटले. त्यांच्या शिशीच्या तोंडाशी साखरेसारखे खडे झालेले. ते फडक्यावर घेऊन गाडीला लावणं म्हणजे काचेची पूड फिरवणं. हे एकच प्रकरण असं आहे की जिथे काटकसर नको.

मग टाकायचं कुठे? सेंटरवाल्यांचं सरळ उत्तर: गटारात. शहापूर-वडगावच्या बाजूचं गटार बळ्ळारी नाल्याला मिळतं आणि नाला फुगला की येळ्ळूर-वडगावच्या भातशेतीत शिरतो, जिथला बासमती बेळगावकर कौतुकाने पाहुण्यांना देतात. त्यापेक्षा फाटलेलं पाणीदार पॉलिश लाकडाच्या भुशात जिरवावं आणि सुका कचरा म्हणून द्यावं. टर्पेंटाइनचा डबा सावलीत, पोरांपासून लांब, उघडा ठेवून सुकू द्यावा. कोटिंगची शिशी टोपण घट्ट लावून तशीच टाकावी. मी एका सेंटरवाल्याला हे सगळं सांगितलं. भुसा कोण आणून देणार, हा त्याचा पहिला प्रश्न. सॉ मिल रस्त्याच्या पलीकडेच होती. त्याने मान वळवून तिकडे पाहिलं, मग पोराला हाक मारली आणि एक पोतं घेऊन यायला पाठवलं. गाडीखाली सांडणाऱ्या तेलालाही ते चालेल का, हे मात्र त्याने मला विचारून घेतलं.